एक फुंक, एक गाठ

भेट म्हणून देता येतील अशा यच्चयावत वस्तूंमध्ये फुगा ही सर्वात चमत्कारिक वस्तू आहे, असे मला फार पूर्वीपासून वाटत आले आहे. तो वापरता येत नाही, घडी करून कपाटात ठेवता येत नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही, आणि आठवण म्हणून जपावा म्हटले तर आठवडाभरात त्याचे सुरकुतलेले कातडे तेवढे उरते. इतर कोणतीही भेट देताना आत काय आहे याला आपण महत्त्व देतो. फुग्याच्या आत केवळ हवा आहे, हे देणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि तरीही त्या देण्याघेण्यात कुणाला अवघडल्यासारखे होत नाही. उलट वाढदिवस असो, बाळाचे आगमन असो, दुकानाचे उद्घाटन असो की आजारातून बरे होऊन कुणी घरी परतलेले असो, फुगे नसले तर काहीतरी राहून गेले असे लोकांना वाटते. इतकी निरुपयोगी वस्तू इतक्या ठिकाणी, इतक्या वेगवेगळ्या लोकांना आनंदाची खूण का वाटावी, हा प्रश्न मी हलका मानत नाही.

एका वरिष्ठ सहकाऱ्यांच्या निरोपसमारंभात मला या प्रश्नाचे एक टोक सापडले. ते गृहस्थ अत्यंत शिस्तीचे होते आणि त्यांच्याशी कामापलीकडे बोलायला सगळेच कचरत असत. भाषणे झाली, भेटवस्तू देऊन झाल्या, आणि कार्यक्रम संपत आला असताना कुणाच्या तरी लहान मुलीने भिंतीवरचा एक निळा फुगा सोडवून त्यांच्या हातात दिला. बाकीच्या भेटी त्यांनी घेतल्या होत्या आणि बाजूच्या टेबलावर ठेवल्या होत्या, पण फुगा टेबलावर ठेवला की घरंगळत होता, म्हणून त्यांना तो हातात धरूनच उभे राहावे लागले. उजवा हात अडकल्यामुळे ते येणाऱ्या प्रत्येकाशी डावा हात पुढे करून बोलू लागले, आणि इतकी वर्षे अंतर राखून असलेली माणसे त्यांच्याजवळ जाऊन उभी राहू लागली. हातात फुगा असलेल्या माणसाचा धाक वाटत नाही. फुगा हातात आला की तो हात दुसऱ्या कोणत्याही कामाचा उरत नाही, आणि माणूस काही काळापुरता का होईना, कामातून सुटतो. इतर भेटी मालकी देतात. फुगा मात्र घेणाऱ्याकडून थोडा वेळ मागून घेतो.

गंमत अशी की रबरी फुग्याचा जन्म कोणत्याही समारंभासाठी झालेला नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे वायूंवर प्रयोग करत होते आणि हायड्रोजन साठवण्यासाठी त्यांना पिशव्या हव्या होत्या. १८२४ साली त्यांनी कच्च्या रबराचे दोन पत्रे एकावर एक ठेवले, आतल्या बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये पीठ भुरभुरले आणि कडा दाबून जोडल्या. कच्चे रबर स्वतःलाच चिकटते, त्यामुळे वेगळ्या डिंकाची गरज पडली नाही. या पिशव्या हवा भरल्यावर पारदर्शक होईपर्यंत ताणल्या जातात आणि हायड्रोजन भरला की चांगल्याच जोराने वर उचलल्या जातात, हे निरीक्षण त्यांनी नोंदवून ठेवले. प्रयोगशाळेतले हे उपकरण पुढच्याच वर्षी खेळणे झाले. रबराच्या धंद्यातले थॉमस हॅनकॉक यांनी १८२५ मध्ये रबराचे द्रावण आणि एक पिचकारी असा संच विकायला काढला, म्हणजे विकत घेणाऱ्याने आपला फुगा घरीच तयार करायचा. मात्र कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होत असे. गंधकाबरोबर तापवून रबराला टिकाऊ करण्याची प्रक्रिया चार्ल्स गुडइयर यांच्या हाती लागल्यावर हा दोष गेला, आणि १८४७ च्या सुमारास लंडनमध्ये जे. जी. इंग्रॅम यांनी तशा रबराचे फुगे बनवले. आज आपण ज्याला फुगा म्हणतो त्याचे हे पूर्वज.

आपल्या हातात येणारा पातळ, मऊ फुगा त्याहून बराच अलीकडचा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये नील टिलॉटसन यांनी १९३१ साली पुठ्ठ्याचा मांजराच्या डोक्यासारखा आकार कापला, कानांसकट तो रबराच्या चिकात बुडवला, वाळवला आणि वरची पातळ त्वचा सोलून फुगवली. तिथल्या एका मिरवणुकीच्या दिवशी हे मांजरतोंडे फुगे विकले गेले आणि एक नवा उद्योग उभा राहिला. आजही कारखान्यात मूळ रीत तीच आहे: फुग्याच्या आकाराचे साचे आधी चीक गोठवणाऱ्या क्षारात आणि मग चिकात बुडवतात, तोंडाशी ब्रश फिरवून कड गुंडाळतात, धुतात आणि भट्टीत पक्के करतात. फुगवताना ओठांना लागणारी ती जाडसर कड अशी तयार होते. तो चीक झाडाच्या सालीवर तिरपी चीर देऊन थेंबाथेंबाने गोळा केलेला असतो, हे मात्र फुगे फुगवताना कुणाच्या मनात येत नाही.

रबरी फुगा येण्यापूर्वी माणसे जनावरांची मूत्राशये आणि आतडी फुगवून त्यांच्याशी खेळत असत. आनंद आणि फुगा यांची सार्वजनिक जोडी जुळली ती मात्र आकाशातल्या मोठ्या बलूनमुळे, असे मला वाटते. १७८३ हे वर्ष त्या दृष्टीने विलक्षण होते. १९ सप्टेंबरला व्हर्सायच्या राजवाड्यासमोर माँगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या बलूनमधून एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर गेले, आणि २१ नोव्हेंबरला पॅरिसवरून दोन माणसांनी उड्डाण केले. प्रचंड गर्दी वर पाहत उभी होती. जमिनीवरून सुटलेली वस्तू वर जाताना पाहणे हाच तेव्हा उत्सव होता. पण त्याच वर्षी २७ ऑगस्टला फ्रेंच शास्त्रज्ञ जाक शार्ल यांचा हायड्रोजनने भरलेला, माणसाविना सोडलेला बलून गोनेस गावाजवळ उतरला, तेव्हा घाबरलेल्या शेतकऱ्यांनी तो फाडून टाकला. सोडणाऱ्यांचा उत्सव आणि तो ज्यांच्या अंगणात पडतो त्यांची भीती, हे दोन्ही पहिल्याच वर्षी एकत्र दिसले होते. या गोष्टीकडे पुन्हा यावे लागणार आहे.

त्याआधी तोंडाने फुगवलेल्या फुग्याबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण माझ्या मते भेट म्हणून खरा फुगा तोच. नवा फुगा फुगवताना पहिली फुंक सर्वात अवघड जाते, गाल दुखतात, कानांत दडे बसतात, आणि मग अचानक रबर हार मानल्यासारखे सैल होते व तिथून पुढे तोच फुगा सहज फुगतो. हा आपल्या फुप्फुसांचा भ्रम नाही. छोट्या, घट्ट वळणाच्या फुग्यात आतला दाब सर्वात जास्त लागतो. एका मर्यादेपलीकडे व्यास वाढला की लागणारा दाब चक्क कमी होतो, आणि रबराच्या लांब साखळ्या पूर्ण ताणल्या गेल्या की शेवटी पुन्हा वाढतो. म्हणूनच एक कमी फुगलेला आणि एक जास्त फुगलेला फुगा नळीने जोडला, तर बहुतेक वेळा दोघे सारखे होण्याऐवजी छोटा आपली हवा मोठ्याला देऊन आणखी छोटा होतो. एवढे सगळे होऊनही आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा अवघा दोन-तीन टक्के जास्त असतो. इतक्या किंचित जादा दाबावर तो सगळा डौल उभा असतो.

आणि आत असतो तो कुणाचा तरी श्वास. बाहेरच्या हवेपेक्षा त्यात प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड सुमारे शंभरपट जास्त, आणि ओलावा भरपूर. ज्याने तो फुगवला त्याच्या छातीतून निघालेली हवा त्याने गाठ मारून दुसऱ्याला दिलेली असते. इतक्या जवळची, शरीरातून काढलेली भेट आपण परक्या मुलालाही सहज देतो आणि ते मूलही ती सहज घेते, याचे मला खरोखर अप्रूप वाटते. इटालियन कलावंत पिएरो मान्झोनी यांनी १९६० साली नेमकी हीच गोष्ट उघड करून दाखवली. त्यांनी फुगे फुगवले, दोरीने बांधून शिशाच्या मोहरा लावल्या, लाकडी पाटावर बसवले आणि त्या कलाकृतीला ‘कलावंताचा श्वास’ असे नाव दिले. १९६३ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, ते गेले. त्यातला एक फुगा लंडनच्या टेट कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. श्वास केव्हाच निघून गेला आहे आणि पाटाला चिकटलेले, वाळलेले रबर तेवढे शिल्लक आहे. काहींना ही थट्टा वाटते. मला मात्र ते फुग्याविषयीचे सर्वात प्रामाणिक विधान वाटते, कारण श्वास देता येतो पण साठवून ठेवता येत नाही, ही गोष्ट प्रत्येक वाढदिवसानंतर प्रत्येक घरात घडतच असते.

श्वासाने भरलेला फुगा वर जात नाही, हाही त्याचा दोष नसून गुण आहे. रबराचे वजन आणि किंचित दाबलेली हवा यांमुळे तो सभोवतालच्या हवेपेक्षा जरासा जड असतो, त्यामुळे तो खाली येतो, पण इतक्या हळू की त्याला पुन्हा वर टोलवायला कुणालाही पुरेसा वेळ मिळतो. फुगा जमिनीला लागू द्यायचा नाही हा खेळ मुलांना कुणी शिकवत नाही. दोन वर्षांचे मूल आणि ऐंशी वर्षांची आजी हा खेळ बरोबरीने खेळू शकतात, आणि असे खेळ फार थोडे आहेत. चेंडू वेगवान असतो, अचूकता मागतो, लागतो. फुगा चुकलेल्या हातालाही सांभाळून घेतो.

फुटण्याविषयी थोडक्यात. कित्येक माणसांना, आणि त्यात मोठी माणसेही आली, फुगे जवळ असले की जीव मुठीत धरून बसावे लागते, आणि त्यांना हसण्याची आपली सवय मला क्रूर वाटते. २०१५ साली पॅरिसमधल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी फुटणाऱ्या फुग्यांचे अतिवेगवान चित्रण करून दाखवले की कमी ताणलेला फुगा एका चिरेने फाटून त्याचे दोन तुकडे होतात, पण ताण मर्यादेपलीकडे गेला की चिरेला अधिक वेगाने धावता येत नाही, म्हणून ती फांद्यांसारखी फुटत जाते आणि फुग्याच्या चिंध्या होतात. म्हणजे गच्च फुगवलेल्या फुग्याचे तुकडे संख्येने अधिक होतात, आणि हेच तुकडे लहान मुलांसाठी खरा धोका असतात. तोंडात गेलेला पातळ रबराचा तुकडा घशाला झाकणासारखा बसतो. अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांविषयी इशारा छापणे बंधनकारक आहे ते याच कारणाने. फुगे लावणाऱ्या घराने फुटलेल्या फुग्याचे तुकडे त्याच क्षणी उचलले पाहिजेत. केक कापण्याइतकाच तो समारंभाचा भाग समजला पाहिजे.

आता वर जाणाऱ्या फुग्याकडे. त्यात हेलियम असतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जूल जान्सेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा पाहिली. नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून तीच रेषा पाहून ती नव्या मूलद्रव्याची ठरवली. आणि विल्यम रॅम्झी यांना १८९५ मध्ये युरेनियमच्या खनिजातून तो वायू पृथ्वीवर मिळाला. म्हणजे ज्याचा शोध आधी सूर्यावर लागला आणि पृथ्वीवर नंतर, असा हा वायू आहे. खडकांतील युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणोत्सर्गातून तो अतिशय संथपणे तयार होतो आणि जमिनीखाली नैसर्गिक वायूसोबत अडकून राहतो. एमआरआय यंत्रातले चुंबक थंड ठेवण्यासाठी तो द्रवरूपात, उणे २६९ अंश सेल्सिअसला लागतो, आणि त्या कामात त्याची जागा घेणे सोपे नाही. एकदा हवेत सुटला की तो लाखात अर्धा भाग इतका विरळ होतो, आणि वातावरणाच्या वरच्या कडेवरून हळूहळू अवकाशात निघून जातो. हेलियमचा सर्वात मोठा वापर फुग्यांसाठी होत नाही, हे खरे आहे. पण लक्षावधी वर्षांत साठलेला वायू एका संध्याकाळच्या छताला टेकवून ठेवण्यासाठी वापरावा, हे मला पटत नाही. १९५८ साली हेलियमची टंचाई असताना न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मेसीज मिरवणुकीतले महाकाय फुगे साध्या हवेने भरून क्रेनला टांगून मिरवले गेले, आणि मिरवणूक झालीच.

रबरातून हेलियम पाझरतो, म्हणून तो फुगा साधारणपणे एका दिवसात खाली येतो. ही उणीव भरून काढण्यासाठी चकचकीत धातूचा थर दिलेल्या प्लॅस्टिकचे फुगे आले, जे आठवड्यांमागून आठवडे फुगलेले राहतात. मला ते फुगे आवडत नाहीत. टिकाऊपणा ही फुग्याची गरजच नव्हती. ते विजेच्या तारांवर अडकले तर धातूच्या थरामुळे वीजपुरवठा खंडित होतो, आणि म्हणून कॅलिफोर्नियात १९९० पासून अशा फुग्यांना वजन बांधून विकण्याचा कायदा आहे. ज्या भेटीला सुटून जाऊ नये म्हणून कायद्याने वजन बांधावे लागते, ती भेट हातात धरण्यासाठी उरलेली नाही.

हात सुटला की काय होते याचे सर्वात मोठे उदाहरण २७ सप्टेंबर १९८६ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात घडले. हेतू उत्तम होता: धर्मादाय कामासाठी निधी उभारायचा आणि शहराची मान उंचवायची. शाळकरी मुलांसह मोठ्या संख्येने स्वयंसेवक फुगे भरत बसले आणि भर चौकातून १४ लाखांहून अधिक फुगे एकाच वेळी आकाशात सुटले. छायाचित्रांत इमारतींभोवती चढत जाणारा तो रंगीत लोंढा आजही पाहणाऱ्याला स्तब्ध करतो. पण पावसाळी, थंड हवेची आघाडी शहरावर आली आणि फुगे विरून जाण्याऐवजी फुगलेल्या अवस्थेतच खाली आले. रस्ते भरले, विमानतळाची धावपट्टी काही वेळ बंद ठेवावी लागली, आणि शहरालगतच्या ईरी सरोवरात बेपत्ता झालेल्या दोन मच्छीमारांना शोधणाऱ्या तटरक्षकांना पाण्यावर तरंगणाऱ्या हजारो गोल डोक्यांमधून माणसाचे डोके ओळखता येईना. ते दोघेही नंतर मृतावस्थेत सापडले. शोध सुरळीत झाला असता तर ते वाचले असते का, याचे उत्तर कुणीच देऊ शकत नाही, पण त्या पाण्यावरच्या रंगांना उत्सव म्हणणे त्या दिवसानंतर शक्य नव्हते.

रबर झाडापासून येते म्हणून ते आपोआप विरघळते, असा युक्तिवाद फुगे सोडणारे करतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी फुगे गोड्या पाण्यात, खाऱ्या पाण्यात आणि खताच्या ढिगात १६ आठवडे ठेवून पाहिले. फुगे फुगेच राहिले. २०१९ च्या दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सतराशेहून अधिक समुद्रपक्ष्यांच्या मृतदेहांची तपासणी झाली आणि असे आढळले की कठीण प्लॅस्टिकचा तुकडा गिळण्यापेक्षा फुग्याचा तुकडा गिळल्यास पक्षी मरण्याची शक्यता ३२ पट असते, कारण मऊ रबर अन्नमार्गात रुतून बसते. व्हर्जिनिया, मेरिलँड, हवाई, फ्लोरिडा अशा अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी गेल्या काही वर्षांत फुगे मुद्दाम सोडण्यावर बंदी घातली आहे. मी त्या बंदीच्या पूर्ण बाजूने आहे, आणि पर्यावरणाइतकेच माझे कारण फुग्याशी संबंधित आहे. फुगा देणे आणि फुगा सोडणे या परस्परविरोधी कृती आहेत. देताना एक हात दुसऱ्या हाताला शोधतो. सोडताना आपण ती वस्तू, कुणाच्या वाट्याला येईल याची पर्वा न करता, नजरेआड करतो.

एका प्रसंगी मात्र हे बोलताना माझा आवाज खाली येतो. गेलेल्या माणसाच्या, विशेषतः गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ फुगे सोडण्याची प्रथा अलीकडे अनेक देशांत रूढ झाली आहे. आपल्या हातातला दोरा सैल सोडताना त्या आईवडिलांना जे वाटते, ते खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. वर पाहताना मान ताठ राहते, आणि रडणाऱ्या माणसाला तेवढ्याचाही आधार होतो. तरीही तो फुगा त्यांच्या मुलापर्यंत जात नाही, तो काही तासांनी कुठल्यातरी शेतात किंवा पाण्यात उतरतो, आणि हे त्यांनाही ठाऊक असते. मला कुणी विचारले तर मी सुचवीन की जमलेल्या प्रत्येकाने एकेक फुगा स्वतःच्या तोंडाने फुगवावा, स्वतः गाठ मारावी आणि ते सगळे फुगे त्या मुलाच्या खोलीत ठेवावेत. सांत्वनाला आलेली माणसे निघून जातात. त्यांचा श्वास आणखी काही दिवस त्या घरात राहील आणि मग आपल्या गतीने कमी होत जाईल. घरात धाकटी भावंडे असतील तर फुगे त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर टांगावेत, आणि पुरते मऊ पडल्यावर गाठीजवळ कात्रीने बारीक छेद देऊन मोठ्यांनीच ते उतरवावेत.